फवारणीच्या पंपाचं विमान

भाऊकाका बंगल्यात शिरले की आधी चपलांचा आवाज यायचा, मग खोकला, आणि मग "कोणी आहे का घरात?" घरात आम्ही सगळेच असायचो, पण कुणी उत्तर देईपर्यंत त्यांच्या लेखी घर रिकामं. बाबा हातातलं काम टाकून पुढे यायचे आणि म्हणायचे, "हो भाऊ." काय विचारलं, काय सांगितलं ते नंतर. आधी "हो भाऊ". माझे आजोबा लवकर गेले आणि बाबांना त्यांच्या या थोरल्या भावाने वाढवलं, हे मला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवलं गेलं होतं की भाऊकाकांनी बाबांना कडेवर घेऊन सातपूरच्या कारखान्यात सोडलं असावं असं मला वाटायचं. वाढवलं हे खरं. पण वाढवलेलं माणूस पुढे कधीतरी वाढलेलं समजायचं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात वर भाऊकाका, काकू आणि त्यांचा विक्रांत राहायचे आणि खाली आम्ही तिघं. स्वयंपाकघर एकच, तेही खाली, कारण आई खाली होती. भाऊकाकांचा देवळ्याला कांद्याचा व्यापार होता आणि मालाचे नमुने ते इकडे घेऊन यायचे, त्यामुळे गॅरेजमध्ये गाडीशेजारी कांद्याची पोती असायची. पाहुणे यायच्या आधी काकू सगळ्या घरात उदबत्त्या फिरवायच्या. गंगापूर रोडला राहायला आल्यापासून त्यांना कांद्याचा वास यायला लागला होता. देवळ्यात असताना तो कधी आला नव्हता. सकाळी आई भाऊकाकांसाठी कळणाची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायची, वर ठेचलेल्या मिरचीचा खुडा, आणि ते बोटं चाटून खायचे. मात्र कोणी मोठा माणूस सकाळी भेटायला आला तर भाकरी आत जायची आणि टेबलावर ब्रेड-बटर यायचं. ते ब्रेड भाऊकाका भाकरीसारखंच मोडून, चहात बुडवून खायचे. बोलण्याचंही तसंच. पाहुण्यांसमोर "आपण", "आम्हांस वाटतं", आणि राग आला की सरळ अहिराणी. मला त्यांची अहिराणी आवडायची. त्यांचं तेवढंच बोलणं खरं असायचं.

बाबांची सातपूरला औद्योगिक वसाहतीत छोटी शेड होती. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग कातून द्यायचे, हे काम. शेडमध्ये बाबा वेगळाच माणूस असायचे हे मला कबूल केलं पाहिजे. तिथे एखादा भाग केसाएवढा जरी चुकला तरी ते तो बाजूला टाकायचे आणि समोर कितीही मोठा साहेब असला तरी "हे जाणार नाही" असं तोंडावर सांगायचे. संध्याकाळी बस आली की तीत बसून तो माणूस कुठे जायचा कोण जाणे. घरी उतरायचे ते दुसरेच.

तर भाऊकाकांनी गावाबाहेर, गंगापूर रोड जिथे शेतात शिरतो तिथे, लग्नासाठी लॉन्स बांधलं. सरूबाई लॉन्स, आमच्या पणजीच्या नावाने. उद्घाटन दसऱ्याला ठरलं. आजकाल त्या रस्त्याला असली लॉन्स हात धरून उभी आहेत आणि प्रत्येक लग्नात एक मुलगा ड्रोन उडवत असतो. नवरा-नवरीच्या डोक्यावर ते यंत्र घोंगावत असतं आणि पाहुणे मान वर न करता गुलाबजाम खात असतात. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा आकाशातून फुलं पडणं ही मंत्र्यांच्या सभेतली गोष्ट होती, आणि भाऊकाकांनी ती कुठल्याशा सभेत पाहिली होती. उद्घाटनाला आपल्याकडेही वरून फुलं पडली पाहिजेत, असं त्यांनी एका रात्रीच्या जेवणात जाहीर केलं. विक्रांतकडे विमान होतंच.

विक्रांत माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला वस्तू खोक्यातून काढायला आवडायचं. गिटार काढून झाली होती, कॅमेरा काढून झाला होता, माशांची टाकी काढून झाली होती आणि मासेही काढून झाले होते. त्यानंतर कुणा मित्राच्या नादाने त्याने रिमोटवर उडणारं एक प्रचंड विमान मागवलं होतं. पंख जोडले तेव्हा हॉलमधला दिवाण बाहेर काढावा लागला. हलक्या लाकडाचा सांगाडा, वर पांढरं तुळतुळीत आवरण, आणि नाकाच्या जागी प्लायवूडची एक सपाट भिंत. त्या भिंतीवर इंजिन बसवायचं असतं. इंजिन खोक्यात नव्हतं. इंजिन वेगळं घ्यावं लागतं हे खोक्यावर लिहिलेलं होतं, पण विक्रांत खोकी वाचायचा नाही. तेव्हापासून विमान माळ्यावर होतं.

मला मात्र विमान उडवता यायचं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मॉडेल विमानांचा एक गट होता आणि त्यात मी एकटीच मुलगी होते. पहिल्या वर्षी मी नुसती पंखांना कागद चिकटवायचे. दुसऱ्या वर्षी सरांनी रिमोट हातात दिला आणि मग तो माझ्याकडून परत घेणं त्यांना जड जाऊ लागलं. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं, आणि तेवढ्यात भल्याभल्यांची तारांबळ उडते. माझी उडायची नाही. का ते मला माहीत नाही. मला पोहता येत नाही, गाता येत नाही, पोळी गोल येत नाही, पण हे यायचं. विक्रांतला मी दोनदा कॉलेजच्या मैदानावर नेऊन शिकवायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या वेळी आमचं विमान बाभळीत गेलं आणि तो म्हणाला की बाभूळ मध्ये आली.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "काका, विमान मी उडवते. मला येतं."

भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आईला म्हणाले, "जरा आमटी वाढा." मग भात कालवता कालवता बाबांना म्हणाले, "पाचशे माणूस येणार. पोरगी रिमोट घेऊन उभी राहिली तर लोक म्हणतील, यांच्या घरात पोरगा नाही का? विकी उडवेल. इंजिनाचं तू बघ."

"हो भाऊ," बाबा म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी बाबांना गॅलरीत गाठलं. म्हटलं, बाबा, विक्रांतला हे झेपणार नाही. एवढं मोठं विमान, खाली एवढी माणसं. तुम्ही काकांना एकदाच सांगा की मंजू उडवेल. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. बाबांनी सुपारी कातरत थोडा विचार केला. मग म्हणाले, "सांगतो." मला ते इतकं खरं वाटलं की मी रात्री झोपताना हवेत अंगठे हलवून सराव केला. एकोणीस वर्षांची घोडी होते. मला त्या विमानाहून मोठं काही नको होतं तेव्हा, दुसरं काहीच नको होतं.

त्या आकाराचं इंजिन परदेशातून मागवायचं तर दसरा उलटून गेला असता. भाऊकाका म्हणाले, "परदेशातून कशाला? देवळ्याला फवारणीचा पंप पडलेला आहे. त्याला पेट्रोलचंच इंजिन आहे ना? आवाजही चांगला येतो." ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव चांगली कल्पना, आणि ती त्यांना आवाजासाठी सुचली. पाठीवर घेऊन डाळिंबांवर औषध मारायचा पंप कांद्याच्या ट्रकमधून आला. औषधाचा पिवळा थर त्याच्यावर इतका जाड बसला होता की आईने तो घरात घेऊ दिला नाही. "पोळ्यांना वास लागेल," ती म्हणाली. पंप सातपूरला गेला आणि त्याच्यामागे मीही. कॉलेज सुटलं की मी बस धरायचे.

त्या दिवसांबद्दल मला वाईट लिहिता येत नाही. बाबांनी पंपाची टाकी, पट्टे, दोरी ओढून चालू करायचं चाक, वरचं पत्र्याचं कवच, सगळं उतरवलं आणि आतून जे निघालं ते दोन मुठींएवढं होतं. ते त्यांनी रॉकेलने धुतलं आणि फडक्यावर ठेवून बराच वेळ नुसतं बघत बसले. पंखा बसवण्यासाठी ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर कातला. तो बसवून, बोटाने फिरवून, परत काढून, परत कातला. प्लायवूडच्या भिंतीला आतून दुसरी भिंत चिकटवली, कारण हे इंजिन थरथरणार म्हणजे पिठाच्या गिरणीसारखं. मी सांगितलं की इंजिन सरळ बसवायचं नाही, थोडं खाली आणि थोडं उजवीकडे बघेल असं बसवायचं, नाहीतर पंख्याच्या जोराने विमान डावीकडे ओढलं जातं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोल्टांखाली वॉशर घातले. नाक जड झालं म्हणून आम्ही बॅटरी शेपटीत नेली. पेट्रोल कमीजास्त करायची दांडी लोखंडी ठेवली तर ठिणगीची खरखर रिमोटच्या यंत्रात शिरते, म्हणून ती नायलॉनची केली. एकच गोष्ट बसेना. पंपाच्या कार्ब्युरेटरवर हवा गाळायचा डबा होता, आणि तो इंजिन झाकणाऱ्या नाकावरच्या टोपणाला अडत होता. तो काढावा लागला. कार्ब्युरेटरचं तोंड उघडं राहिलं. बाबांनी एक स्वच्छ फडकं घडी करून त्या तोंडात बसवलं आणि मला म्हणाले, "चालू करायच्या आधीच हे काढायचं. एरवी हे इथून हलता कामा नये. धुळीचा कण आत गेला तर संपलं."

रोज निघताना मी विचारायचे, "सांगितलं?" पहिले काही दिवस उत्तर होतं, इंजिन बसू दे. मग, चालू तर होऊ दे.

चालू झालं. विमानाची शेपटी लेथच्या पायाला दोरीने बांधली होती. बाबांनी कातडी मोजा घातला आणि पंख्याला झटका दिला. चार-पाच झटक्यांनी ते खोकलं, निळा धूर ओकलं आणि मग असं गर्जलं की कातलेल्या लोखंडाचा चुरा शेडभर उडाला आणि आजूबाजूच्या शेडमधली माणसं दारात जमली. मी रिमोटवरून पेट्रोल कमी केलं, ते गुरगुरायला लागलं. वाढवलं, दोरी ताणली गेली. पूर्ण मागे घेतलं, बंद. बाबांच्या चष्म्यावर तेलाचे थेंब होते आणि ते हसत होते, आणि मला त्या घटकेला ते फार आवडले. हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला कधी आवडलेच नाहीत.

तेवढ्यात भाऊकाका गाडीतून उतरले. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "आवाज अजून पाहिजे. सायलेन्सरला भोकं पाड."

"हो भाऊ."

मी म्हटलं, "काका, एकदा रिकाम्या मैदानावर उडवून बघायला हवं. हवेत काय होतं ते जमिनीवर कळत नाही."

"उद्घाटनाच्या आधी?" भाऊकाकांनी डोळे मोठे केले. "आधी उडवलं तर उद्घाटन कशाचं? ते काही नाही. मुहूर्तावर पहिल्यांदा उडणार, सगळ्यांसमोर." आणि बाबांनी, ज्यांनी आयुष्यात न तपासलेला एक बोल्टसुद्धा गिऱ्हाइकाला दिला नव्हता, त्या बाबांनी मान डोलावली. बाबांनी सायलेन्सरला भोकं पाडली तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी जाताना बसमध्ये ते आपणहून म्हणाले, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांगतो. तेव्हा भाऊ खुशीत असेल."

आदल्या दिवशी भाऊकाका खरोखरच खुशीत होते. बाबांनी त्यांच्यासोबत मंडप बघितला, आचाऱ्याची भट्टी बघितली, खुर्च्या मोजल्या. आणि परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तिथेच सांगतो. ऐन वेळी सोपं पडतं." तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. पण आशा फार निर्लज्ज असते.

दसऱ्याला सकाळी मंडप झेंडूंनी लगडला होता. एका अंगाला द्राक्षबाग, तिची छाटणी नुकतीच झालेली, नुसते खांब आणि तारा. दुसऱ्या अंगाला सोयाबीन काढून मोकळं झालेलं शेत. समोर नवा सिमेंटचा रस्ता, त्यावरून विमान धावायचं होतं. विमानाच्या पोटाखाली फुलांच्या पाकळ्यांचा डबा बांधला होता, रिमोटचं एक बटण दाबलं की त्याचा तळ उघडणार. पंखांवर "सरूबाई लॉन्स" असं लाल अक्षरात रंगवलं होतं. विक्रांतने सफारी घातला होता. त्याचा तळवा गार होता. मला माहीत आहे, कारण त्याने मला रिमोटची कळ कुठली ते विचारताना माझं मनगट धरलं होतं.

दसरा म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्याकडे त्या दिवशी लेथला हार घालतात, ट्रकला हार घालतात, कांदे मोजायच्या काट्याला हळदकुंकू लागतं. तेव्हा विमानाच्या इंजिनाची पूजा होणार यात काही विशेष नव्हतं. पाट मांडला होता, गुरुजी होते, मोठे पाहुणे पुढे खुर्च्यांवर होते. भाऊकाका सोवळं नेसून पुढे झाले, नाकावरचं टोपण त्यांनी काढायला लावलं, आणि इंजिनाकडे पाहून त्यांचं तोंड वाकडं झालं. "पूजेला फडकं?" असं म्हणून त्यांनी दोन बोटांनी बाबांचं ते फडकं काढलं आणि गवतावर टाकलं.

"काका, ते काढू नका!" मी मागून ओरडले. "आत कचरा जाईल!"

"मुहूर्ताला कचरा काय बोलतेस?" काकू मला म्हणाल्या. गुरुजींनी मंत्र म्हटला. भाऊकाकांनी कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षतांची मूठ भरली आणि सगळी त्या इंजिनावर सोडली. हळद. परत अक्षता. मी बाबांकडे पाहिलं. ते पाटाला लागून हात जोडून उभे होते, माझ्याहून चार पावलं जवळ. ते फडकं कशासाठी होतं हे त्या मंडपात आम्हा दोघांनाच माहीत होतं. पूजा झाल्यावर मी त्यांना म्हटलं, आता हे खोलून साफ करायला हवं. ते म्हणाले, "वेळ नाही गं. पाहुण्यांना पुढे जायचंय. मी झटकतो." आणि त्यांनी गाल फुगवून कार्ब्युरेटरमध्ये दोन फुंकरा मारल्या. शेडमध्ये कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला बाहेर काढलं असतं.

"सांगितलं?" मी विचारलं.

"आता या गर्दीत कुठे," ते म्हणाले.

विक्रांतने उडवलं. खरं तर पूर्ण जोर दिला की तसं विमान आपोआप वर जातं, पण उडालं. भोकं पाडलेल्या सायलेन्सरमधून असा आवाज निघाला की पुढच्या रांगेतली पोरं कानावर हात ठेवून किंचाळली आणि भाऊकाका अंगभर हसले. विमानाने मंडपावरून फेरी घेतली, विक्रांतने बटण दाबलं, डबा उघडला आणि वाऱ्याने सगळ्या पाकळ्या उचलून आचाऱ्याच्या जिलब्यांच्या कढईत नेऊन टाकल्या. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मग विक्रांतने उतरवण्यासाठी पेट्रोलची कळ मागे घेतली, आणि काहीच झालं नाही. त्याने परत ओढली. इंजिन तसंच गर्जत होतं. विमान वळलं आणि पंखा समोर करून मंडपाकडे यायला लागलं, आणि आपल्याकडे तोंड केलेल्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं हे विक्रांतला आठवायची तीच वेळ होती. ते मंडपाच्या शिखरावरून इतकं जवळून गेलं की झालर फडफडली.

"आरे काय व्हयनं?" भाऊकाका ओरडले. "उतार ना मग!"

"बंद होत नाहीये," विक्रांत म्हणाला आणि रडायलाच लागला. "मंजू, घे. घे ना गं!"

मी घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही. आधी ते माणसांवरून बाजूला काढलं, सोयाबीनच्या मोकळ्या शेतावर नेलं आणि उंच चढवलं. हवेत असलेलं इंजिन बंद करायची दुसरी काही सोय आम्ही केली नव्हती. पेट्रोल संपेपर्यंत त्याला तिथेच घिरट्या घालत ठेवायचं, एवढा एकच उपाय होता. पूर्ण जोरात पळणारं ते जड धूड प्रत्येक वळणावर नाक खाली घालायला बघत होतं आणि मी प्रत्येक वेळी ते वर घेत होते. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. भीती वाटत होती, आणि त्याच वेळी मी इतकी सुखात होते की लाज वाटावी. लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम आहे. प्रत्येक फेरीला टाळ्या. आणि मला ऐकू आलं, माझ्या मागे भाऊकाका दातांमधून विक्रांतला म्हणत होते, "हात लाव. रिमोटला हात लाव, फोटो काढताहेत." विक्रांत येऊन माझ्या खांद्याला चिकटून उभा राहिला आणि त्याने रिमोटच्या कडेवर दोन बोटं ठेवली. मी त्याला कोपराने ढकललं नाही, कारण तेवढंही हलायची मला सोय नव्हती.

मग आवाज तुटला. एकदम शांत झालं. इंजिन थांबल्यावर ते विमान काही तरंगत येत नाही, येतं ते दगडासारखं, फक्त थोडा उतार धरून. मी नाक खाली ठेवलं, वेग राखला आणि अगदी शेवटी वर ओढलं. ते सोयाबीनच्या ढेकळांत उतरलं, एक चाक निखळलं, आणि उभं राहिलं.

मी धावले. बाबा माझ्या आधी पोहोचले होते. त्यांनी टोपण काढलं, कार्ब्युरेटरमध्ये वाकून पाहिलं आणि चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा. हवेच्या वाटेत एक छोटी पितळी चकती फिरते, तिच्या कडेला तो अडकला होता, आणि ती चकती मिटत नव्हती. बाबांनी तो दाणा मला दाखवला. मग सवयीने कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात टाकला. पेट्रोलमध्ये भिजलेला दाणा! तेवढ्यात भाऊकाका धोतर सावरत आले. "काय झालं होतं रे?"

"माझंच चुकलं भाऊ," बाबा म्हणाले. "दांडी जरा घट्ट बसली होती."

बाबा आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, असं माझी आई म्हणते. भाऊकाका मात्र आहेत, लॉन्सच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसतात, आणि लग्न ठरवायला आलेल्या माणसांना अजून ती गोष्ट सांगतात. त्यात इंजिन बिघडतं आणि विक्रांत ते वाचवतो. विक्रांत शेजारी बसलेला असतो आणि कॅलेंडरकडे बघत असतो. त्याच्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. तो घाबरला होता आणि घाबरलोय हे त्याने निदान मला सांगितलं.

त्या दिवशी भाऊकाकांनी परत येऊन माइक हातात घेतला. मंडपवाल्याचा माणूस जेवायला बसला होता म्हणून ॲम्प्लिफायरपाशी बाबा जाऊन उभे राहिले. भाऊकाका बोलू लागले, पाहुण्यांचे आभार, गावाचे आभार, आणि मग, "आमच्या धाकट्या बंधूंच्या हातून इंजिनात थोडी चूक राहिली होती, पण आमच्या चिरंजीवांनी प्रसंगावधान राखून..." विक्रांतला हार घातला गेला. बाबा टाळ्या वाजवत होते.

मी चालत स्टेजवर गेले आणि भाऊकाकांपुढे हात केला. त्यांनी माइक दिला. मुलगी माइक मागते म्हणजे स्वागतगीत म्हणणार, असं त्यांना वाटलं असावं.

"नमस्कार," मी म्हटलं. "विमान विक्रांतने उतरवलं नाही. मी उतरवलं. आणि बाबांची काही चूक नव्हती. इंजिन त्यांनी बरोबर बसवलं होतं. त्याच्यात..."

माझा आवाज एकाएकी लहान झाला. मी माइकवर टिचकी मारली. मग वळून ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. बाबा वाकलेले होते आणि त्यांचं बोट बटणावर होतं. भाऊकाकांनी त्यांना खूण केलेली नव्हती. ते तोंड उघडं टाकून माझ्याकडेच बघत होते. त्यांना सुचायच्या आधीच बाबांना सुचलं होतं. मी पाहिलेलं ते पहिलं काम, जे बाबांनी भाऊकाकांच्या सांगण्याची वाट न बघता केलं.

उरलेलं मी माइकशिवाय म्हटलं. पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. बाबांनाही गेलं. त्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही.